खिडकी आणि उघडी तार

बल्लारशाहच्या फलाटावर दिल्लीहून दक्षिणेकडे जाणारी एखादी गाडी उभी असताना तुम्ही कधी नीट पाहिले आहे काय? उतारू खाली उतरून चहा घेतात, कोणी पाण्याची बाटली भरून आणतो, आणि तेवढ्या वेळात एक मोठी गोष्ट घडून जाते. १९२९ साली काझीपेट ते बल्लारशाह हा जोडमार्ग पुरा झाला आणि दिल्ली व मद्रास ही शहरे सरळ जोडली गेली. आज या स्थानकापर्यंत मध्य रेल्वेचा नागपूर विभाग आहे. इथून दक्षिणेला दक्षिण मध्य रेल्वेचा सिकंदराबाद विभाग सुरू होतो. म्हणजे गाडी तीच, डबे तेच, रूळही तेच. पण तिच्यावर हुकूम चालवणारे बदलतात. आत बसलेल्या माणसाच्या ते ध्यानातही येत नाही.

वाचकहो, आजचा आपला विषय याच जातीचा आहे. पायथन या संगणकाच्या भाषेत केलेल्या वेबसाइटला, बाहेरच्या कोणी तयार केलेली वेबसॉकेटची लायब्ररी कशी जोडावी, हा तो विषय. नाव ऐकून दचकू नका. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. भिंती, दारे, खिडक्या आधीच उभ्या असलेले घर म्हणा ना. आणि लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कारागिराने घडवलेल्या अवजारांची पेटी. घर एकाचे, अवजारे दुसऱ्याची. सांधा आपल्याला जुळवायचा. सारा प्रश्न त्या सांध्याचा आहे.

आता एक उदाहरण धरू. बल्लारपूरचे नाव सागवानासाठी सर्वांना ठाऊक आहे. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेले ते इथल्याच वनविकास महामंडळाच्या डेपोतून. आता समजा, तुम्हाला लाकडाच्या लिलावाची एक वेबसाइट उभारायची आहे. (हे केवळ समजावण्यापुरते, कोणत्याही खऱ्या लिलावाची ही हकीगत नव्हे.) बोली लावणारे दोनशे जण आहेत. कोणी नागपुरात, कोणी बल्लारपुरात, आणि एक सुतारकाम करणारा गृहस्थ दूर सिरोंच्याच्या बाजूला, जंगलातल्या गावी मोबाइल घेऊन बसला आहे. मैदानातल्या लिलावात "एक वार, दोन वार" हा पुकारा सर्वांच्या कानी एकाच वेळी पडतो. पडद्यावरच्या लिलावात तो पडेल कसा?

इथे अडचण सुरू होते. साधी वेबसाइट ही तिकिटाच्या खिडकीसारखी असते. तुम्ही खिडकीशी जायचे, विचारायचे, आतला कारकून उत्तर देणार, आणि तुम्ही बाजूला व्हायचे. तुम्ही विचारल्याशिवाय तो कारकून आपण होऊन कधी हाक मारीत नाही. "अहो, भाव वाढला बरं का!" असे तो सांगायला येत नाही. मग लोक काय करतात? दर दोन सेकंदांनी खिडकीशी जाऊन विचारतात, "काही नवीन?" दोनशे माणसांनी दर दोन सेकंदांनी विचारले तर सेकंदाला शंभर प्रश्न झाले. तासाला तीन लाख साठ हजार! आणि त्यांतल्या बहुतेकांचे उत्तर एकच: "काही नाही." कारकून दमला, काम शून्य.

यावर उपाय म्हणून वेबसॉकेट आले. त्याचे नियम डिसेंबर २०११ मध्ये 'आरएफसी ६४५५' या क्रमांकाने पक्के झाले. त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. ब्राउझर आधी नेहमीच्याच खिडकीशी जातो, नेहमीच्याच भाषेत विचारतो, पण सोबत एक विनंती करतो, की "यापुढे आपण बोलण्याची पद्धत बदलू या." सर्व्हरला ती मान्य असेल तर तो १०१ या क्रमांकाचे उत्तर देतो, त्याचा अर्थच मुळी "पद्धत बदलतो आहे" असा. त्यानंतर जोडणी तीच राहते, पण नियम बदलतात. गाडी तीच, रूळ तेच, हुकूम दुसऱ्याचा. बल्लारशाहच्या फलाटावर घडते तेच इथे क्षणार्धात घडते.

शिवाय या हवालीत एक पडताळाही आहे. एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हाती टोकन आल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही जुनी रीत तुम्ही ऐकली असेल. तसे ब्राउझर सोळा बाइटांची एक यदृच्छेने निवडलेली किल्ली पाठवतो. सर्व्हर तिला नियमात ठरवून दिलेली एक लांब खूण जोडतो, त्यावर गणिताची एक क्रिया करतो आणि उत्तर परत धाडतो. उत्तर जुळले तरच पुढे जायचे. हा काही गुप्ततेचा बंदोबस्त नव्हे. समोरच्याला वेबसॉकेट खरोखर कळते आहे, तो नुसता मान डोलवीत नाही, एवढीच त्यातून खात्री होते. एकदा तार जोडली, की दोन्ही बाजूंनी हवे तेव्हा बोलता येते, आणि सर्व्हरकडून येणाऱ्या लहान निरोपावर अवघ्या दोन बाइटांचे वेष्टन पुरते.

तुम्ही म्हणाल, "मग अडले कुठे? पेटी आणा, उघडा, जोडा!" थांबा. अडते ते पायथनच्या घरात.

पायथनच्या वेबसाइटी आणि त्या चालवणारे सर्व्हर यांच्यात एक करार आहे. त्याचे नाव डब्ल्यूएसजीआय. फिलिप एबी यांनी तो २००३ मध्ये मांडला आणि २०१० मध्ये पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी सुधारला. फ्लास्क, जँगो अशी नामांकित फ्रेमवर्के या करारावरच वाढली. करार चांगला आणि सोपा आहे: एक प्रश्न आत येईल, एक उत्तर बाहेर जाईल, काम संपले. पण याचाच अर्थ असा, की तार उघडी धरून बसण्याची त्यात सोयच नाही. समजा तुमच्या सर्व्हरवर चार कारकून आहेत. चार बोलीदारांनी चार तारा उघडल्या आणि चारही कारकून कानाला तार लावून बसले. पाचवा माणूस खिडकीशी आला. त्याला कोण विचारणार? शिवाय गनिकॉर्न नावाचा जो सर्व्हर पुष्कळ ठिकाणी वापरतात, त्याचा साधा कारकून तीस सेकंद हालचाल न करता बसला तर तो अडकला असे समजून मुकादम त्याला काढून टाकतो आणि नवा आणतो. म्हणजे तार धरणारा कारकून कामावरूनच जातो! नवख्या माणसाला वाटते लायब्ररी बिघडली. लायब्ररी ठीकच असते. तिला बसवले ती जागा चुकीची असते.

या पेचातून निघण्याच्या वाटा तीन.

पहिली वाट अशी: कारकून तेच ठेवायचे, पण एकाच कारकुनाला अनेक तारांवर आळीपाळीने लक्ष द्यायला शिकवायचे. जीइव्हेंट ही लायब्ररी हे काम करते, आणि फ्लास्कसाठी मिगेल ग्रिनबर्ग यांनी केलेली फ्लास्क-सॉकेटआयओ ही जोड तिच्या आधारे चालू शकते. यात पथ्य एक: जीइव्हेंटला पायथनच्या मूळ अवजारांत जी दुरुस्ती करायची असते ती अगदी आरंभी, बाकीचे काही आत आणण्यापूर्वी झाली पाहिजे. उशीर झाला की अर्धे काम जुन्या रीतीने आणि अर्धे नव्या रीतीने चालते, आणि दोष सापडता सापडत नाही.

दुसरी वाट म्हणजे करारच नवा करायचा. पायथनमध्ये एकाच धाग्यावर अनेक कामे पुढे नेण्याची सोय २०१४ पासून भाषेसोबतच येऊ लागली. अँड्र्यू गॉडविन यांनी जँगोसाठी चॅनेल्स हा प्रकल्प केला आणि त्यातून एएसजीआय हा नवा करार पुढे आला. डिसेंबर २०१९ च्या जँगो ३.० ने तो स्वीकारला. पण ध्यानात ठेवा, नुसते जँगो त्या करारावर चालवले तरी वेबसॉकेट हाती येत नाही. त्यासाठी चॅनेल्स जोडावे लागते. तसेच फास्टएपीआयसारखे फ्रेमवर्क युव्हिकॉर्न या सर्व्हरवर चालवाल, तर युव्हिकॉर्नची साधी प्रत वेबसॉकेटची लायब्ररी आपल्याबरोबर आणीत नाही. ती वेगळी बसवावी लागते, किंवा 'स्टँडर्ड' या जोडासह युव्हिकॉर्न घ्यावे लागते. कितीतरी जण इथे दिवस घालवतात. आपलाच कोड तपासत राहतात आणि पेटीच घरात आलेली नसते. या वाटेचे पथ्य असे, की एकही काम रेंगाळता कामा नये. एका ठिकाणी जुन्या पद्धतीने डेटाबेसची वाट पाहत बसलात, की त्या धाग्यावरच्या सगळ्या तारा मुक्या होतात.

तिसरी वाट मला अधिक शिकवणारी वाटते, आणि तिचे चांगले उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईत रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचे फ्रॅपे हे पायथनचे फ्रेमवर्क. ईआरपीनेक्स्ट ही हिशेब, माल आणि कारखान्याचा व्यवहार सांभाळणारी प्रणाली त्याच्यावर उभी आहे. दोन्हींचा मूळ कोड सर्वांना वाचायला खुला आहे. त्यामुळे मी सांगतो म्हणून मानू नका, उघडून पाहा.

फ्रॅपेने काय केले? पायथनच्या कारकुनांना तारेशी बसवलेच नाही. तारेसाठी शेजारी वेगळी खोली बांधली. त्या खोलीत सॉकेटआयओ ही लायब्ररी बसते. ग्येर्मो राऊच यांनी ती २०१० मध्ये सुरू केली. ती पायथनची नव्हेच, नोड या जावास्क्रिप्टच्या यंत्रणेवर चालते. शिकाऊ मांडणीत पायथनची खिडकी ८००० क्रमांकाच्या पोर्टवर आणि तारेची खोली ९००० क्रमांकाच्या पोर्टवर असते. दोन खोल्यांच्या मधे रेडिस नावाचा निरोप्या आहे. पायथनच्या कारकुनाला काही बातमी सांगायची झाली, की तो 'पब्लिश रिअलटाइम' नावाच्या फंक्शनने ती रेडिसच्या हाती देतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. नोडच्या खोलीतला माणूस रेडिसकडे कान लावून असतो. तो बातमी उचलतो आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याच तारांवर सोडतो. एका माणसासाठी एक गट, एका दस्तऐवजासाठी एक गट, अशी त्याची वाटणी असते.

म्हणजे बाहेरची लायब्ररी घरात कोंबली नाही. तिला तिची जागा दिली आणि मधे एक दार ठेवले. तिची आवृत्ती बदलली तर खिडकीला धक्का नको, खिडकी दुरुस्तीला काढली तर तार बंद नको. पण एक सांगतो: सॉकेटआयओ म्हणजे निव्वळ वेबसॉकेट नव्हे. तिच्या स्वतःच्या काही रीती आहेत. म्हणून तारेच्या दोन्ही टोकांना सॉकेटआयओच लागते, आणि आवृत्त्याही एकमेकींशी जुळणाऱ्या लागतात.

"पण त्या दुसऱ्या खोलीला माणूस ओळखणार कोण?" हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तुम्ही विषयाच्या गाभ्याशी आलात. लॉगिन झाले खिडकीशी. तारेच्या खोलीला त्याची खबर नाही. फ्रॅपेमध्ये तार जोडताना ब्राउझरची सत्राची कुकी बरोबर येते, नोड ती घेऊन पायथनच्या खिडकीला विचारतो, "हा कोण?" उत्तर मिळाल्यावरच तार जोडतो. ओळखीचे दप्तर एकाच ठिकाणी राहते. त्याशिवाय ही तार कोणत्या वेबसाइटच्या पानावरून आली तेही तो तपासतो. हे फार आवश्यक आहे, कारण दुसऱ्या वेबसाइटच्या पानाने तुमच्या सर्व्हरकडे वेबसॉकेट उघडायला ब्राउझर आपण होऊन आडकाठी करीत नाही. ती राखण सर्व्हरनेच करायची असते.

आता वेशीवरच्या पहारेकऱ्याकडे येऊ. बहुतेक ठिकाणी सर्व्हरच्या पुढे एनजिनएक्स उभा असतो. आलेली प्रत्येक विनंती तो आतल्या योग्य खोलीकडे पाठवतो. त्याला नीट सांगितले नाही, तर "पद्धत बदलू या" ही विनंती तो आत पोचवीतच नाही, आणि १०१ चे उत्तर कधी येत नाही. म्हणून तो मथळा आत जाऊ द्यावा, हे त्याच्या मांडणीत स्पष्ट लिहावे लागते. दुसरे असे, की आतून साठ सेकंद काही हालचाल दिसली नाही तर तो तार तोडतो. ती त्याची मूळची मुदत आहे. लिलावात पाच मिनिटे कोणी बोलीच लावली नाही, तर तारा तुटतील! यावर उपाय म्हणजे नाडी चालू ठेवणे. सॉकेटआयओच्या चौथ्या आवृत्तीत सर्व्हर मूळ मांडणीनुसार दर पंचवीस सेकंदांनी "आहात ना?" असे विचारतो आणि वीस सेकंद उत्तराची वाट पाहतो. तेवढ्याने पहारेकरीही शांत राहतो आणि मेलेली तारही कळते.

एवढे सगळे जमले तरी सर्वांत मोठी चूक अजून शिल्लक असते, आणि ती यंत्राची नसून क्रमाची असते. एका बोलीदाराने भाव वाढवला. पायथनने तो डेटाबेसमध्ये लिहायला घेतला आणि लिहून पक्का होण्यापूर्वीच तारेवर बातमी सोडली. नागपूरच्या माणसाला बातमी मिळाली, त्याच्या ब्राउझरने ताजे आकडे मागितले, आणि त्याला जुनाच भाव मिळाला! कारण नवा अजून पक्का झालेला नव्हता. आणि काही कारणाने ते लिखाण रद्द झाले तर? दोनशे जणांना न लागलेल्या बोलीची बातमी गेली. म्हणून फ्रॅपेच्या त्या फंक्शनला एक सूचना देता येते: आधी नोंद पक्की होऊ दे, मगच बातमी सोड. 'आफ्टर कमिट' असे तिचे नाव. सरपणाचा हिशेबही आधी वहीत लिहून मग सांगावा, ही आपल्या म्हाताऱ्यांची शिकवण. संगणकालाही तीच लागू.

आता सिरोंच्याकडच्या त्या सुताराकडे परत जाऊ. जंगलात रेंज येते आणि जाते. त्याने दरवाजे-खिडक्यांचे काम घेतले आहे; थोडे सागवान हवे आहे, आणि त्याची सारी पुंजी या एका लॉटवर आहे. त्याने बोली लावली आणि त्याच क्षणी तार तुटली. दहा सेकंदांनी जोडली गेली. पडद्यावर भाव जुनाच. तो विचारतो, "काऊन जी, माझी बोली गेली कुठं?" त्याला तुम्ही काय उत्तर देणार?

रेडिसचा हा निरोप्या निरोप साठवून ठेवीत नाही. ऐकणारा हजर असेल तर सांगतो. नसेल तर निरोप वाऱ्यावर गेला. नेहमीच्या मांडणीत सॉकेटआयओही, तार तुटलेल्या काळात सर्व्हरकडून निघालेले निरोप मागाहून आणून देत नाही. म्हणून तारेवर विसंबून कोणाचा हक्क ठरवायचा नाही. बोली द्यायची ती खिडकीशी, साध्या विनंतीने. तिथे तिची वेळ सर्व्हरच्या घड्याळाने लागते, ती डेटाबेसमध्ये पक्की होते आणि बोलीदाराला पोच मिळते. तारेवर ऐकायची ती फक्त बातमी. बोली खिडकीवर, बातमी तारेवर. हा नियम उंबऱ्यावर लिहून ठेवावा असा आहे.

त्याला दोन पुरवण्या जोडा. एक, प्रत्येक बोलीला बोलीदाराच्या मोबाइलमध्येच एक स्वतंत्र खूणक्रमांक द्या. पोच मिळाली नाही म्हणून त्याने तीच बोली पुन्हा पाठवली, तर सर्व्हर क्रमांक पाहून ओळखील आणि दोनदा धरणार नाही. दुसरी, तार पुन्हा जोडली गेली की ब्राउझरने आधी खिडकीशी जाऊन विचारावे, "मी अमुक क्रमांकाच्या बोलीपर्यंत पाहिले आहे, त्यानंतर काय झाले?" मधले सारे मिळाल्यावर मग तारेकडे कान लावावा. एवढे केले, की दहा सेकंदांची तूट ही दहा सेकंदांचीच राहते. तिच्यापायी लॉट हातचा जात नाही.

हे काम बरोबर झाले आहे की नाही, हे तपासायचे कसे? शहरातल्या कचेरीत, चांगल्या रेंजमध्ये सगळेच चालते. त्या तपासणीला अर्थ नाही. लिलाव चालू असताना मोबाइलची जोडणी मुद्दाम बंद करा. तारेची खोली बंद करून पाहा. बोली घेणे चालू राहिले पाहिजे. निरोप्याला थांबवून पाहा. कारकून एकाऐवजी चार करून पाहा. प्रत्येक वेळी शेवटी एकच गोष्ट पाहायची: डेटाबेसमधला भाव आणि सर्वांच्या पडद्यावरचा भाव थोड्या वेळात एकच होतो की नाही. होत असेल तर सांधा बरोबर जुळला.

बल्लारशाहहून गाडी पुढे निघते तेव्हा मागचे कारभारी मागे राहतात आणि पुढचे कारभारी तिला सांभाळतात. दोन्ही रेल्वे एक झालेल्या नसतात. आपापली रीत ठेवूनच त्यांनी हवालीची जागा, वेळ आणि खूण ठरवलेली असते. बाहेरची लायब्ररी आपल्या फ्रेमवर्कला जोडताना एवढेच ठरवायचे असते: हवाली कुठे, ओळख कोण पटवणार, आणि खरी वही कोणाकडे. हे ठरले म्हणजे तार मधून मधून तुटली तरी चालते. सिरोंच्याकडच्या सुताराला त्याच्या लाकडाचा जाब मात्र नेहमी मिळतो.